कावळ्याला मोटरमधलं काय कळतं?

भाऊजी, मोटर बदलली. मी बदलली. भरदिवसा, जेवणाच्या टेबलावर, तुमच्याच स्क्रूड्रायव्हरने. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमची चुळबुळ होणार नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "पण वहिनी, एक मिनिट" म्हणायची तुम्हाला सवय होती. आता ते एक मिनिट तुम्हाला मिळणार नाही. आता सगळं मी बोलणार.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलते ना चांगलं. तुमच्यासारखा माणूस मला या घरात दुसरा भेटला नाही, आणि मोटरच्या बाबतीत तुमच्याइतका हट्टी माणूस मला कुठेच भेटला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तुम्ही गेलात म्हणून मी त्यातली दुसरी गिळून टाकणार नाही. फोटोला हार घातल्यापासून जो येतो तो म्हणतो, सुधीरराव कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. कुणाला? मला विचारा! ब्रशलेस मोटर असं नुसतं म्हटलं की तुमच्या कपाळावर जी आठी पडायची, ती मी वर्षानुवर्षं पाहिली आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात. ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणून माझे भाऊजी. पुढे तुम्ही लग्न केलं नाहीत, नोकरीभर आणि नोकरीनंतरही आमच्यातच राहिलात, आणि डोंबिवलीच्या या घराची गॅलरी हळूहळू तुमची झाली. मी तिथे कपडे वाळत घालायची. मग एके दिवशी दोरीवर ह्यांच्या बनियनशेजारी विमानाचा पंख वाळत होता. तेव्हा मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. नसेल आठवत तर बरंच आहे.

टिटवी हे नाव माझंच. पांढऱ्या फोमचं, हातात धरलं तर वजन जाणवू नये असं ते विमान, आणि आवाज मात्र असा की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या उघडायचे. जुन्या पद्धतीची मोटर ती. आत कार्बनचे तुकडे फिरत्या भागाला घासत राहतात, त्यातून वीज जाते, घासून घासून ते झिजतात आणि मोटर तव्यासारखी तापते. त्यावर तो तुमचा प्लॅस्टिकच्या दात्यांचा गिअर. पहिल्यांदा तुम्ही ती गॅलरीत चालू केलीत तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो भाऊजी, ती टिटवी बंद करा आधी!" तुम्ही बंद केलीत आणि हसत आत येऊन म्हणालात, "चला वहिनी, बारसं झालं."

रविवारी सकाळी तुम्ही स्कूटरवरून शीळफाट्याच्या बाजूला जायचात. नव्या टॉवरांच्या पत्र्याच्या कुंपणांमागे तिथे अजून एक मैदान उरलंय. एकदा तुमचा मित्र आला नाही, फेकायला माणूस नाही, म्हणून मला नेलंत. टिटवीला चाकं नाहीत. कुणीतरी ती हातात धरून वाऱ्याच्या तोंडाशी धावत जायचं आणि सोडून द्यायची. मी पदर खोचला, धावले आणि सोडली. ती सरळ गेली. तुम्ही म्हणालात, "वहिनी, काय हात आहे तुमचा!" झालं. त्या दिवसापासून रविवारी ह्यांना पोहे स्वतःचे स्वतः करून खावे लागले.

मग तुम्ही ट्रान्समीटर माझ्या हातात दिलात. त्याला रिमोट म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही, रिमोट टीव्हीचा. दोन दांड्या, दोन अंगठे आणि एक नियम. "विमान वर आहे तोवर अंगठे दांड्यांवरून उचलायचे नाहीत. साप निघू दे, फोन वाजू दे, देव समोर येऊन उभा राहू दे. आधी उतरवायचं, मग नमस्कार." मी पहिल्याच दिवशी माशी हाकलायला हात उचलला आणि टिटवी गेली बाभळीत. तुम्ही रागावला नाहीत. काटे काढता काढता तेच वाक्य पुन्हा म्हणालात, एवढंच.

मी घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. सुईत दोरा एका फटक्यात ओवते याचं तुम्हाला भारी कौतुक. "वहिनी, वायरींना डाग तुम्हीच द्या. तुमचा हात स्थिर आहे." म्हणून मी सोल्डरिंग शिकले. तुम्ही खुर्चीत बसून सांगायचात, "सांधा चकचकीत आला का? मळका आला तर परत करा." मी करायची. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बायका माझ्या हातात धूर सोडणारं ते आयर्न बघून दारातच थबकायच्या. मला मात्र मनातून मोठी ऐट वाटायची. घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या हातांना शिवणापलीकडचं काम दिलं होतं.

ब्रशलेसचं वेड माझं. मैदानावर ठाण्याहून एक जोडपं यायचं. त्यांचं विमान टिटवीएवढंच, पण सोडलं की घारीसारखं वर. मी जाऊन विचारलं. त्यांनी मोटर उघडून दाखवली. आत घासणारं काही नाहीच. चुंबकं लावलेलं बाहेरचं भांडंच गरगर फिरतं. दोनऐवजी तीन वायरी, आणि कुठल्या वायरीत केव्हा वीज सोडायची ते एक छोटा कंट्रोलर ठरवतो. झिजत नाही, फारशी तापत नाही, वजनाला हलकी, ताकदीला दांडगी. घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून मी तुमच्या कानाशी तेच लावलं होतं. जिना चढताना तुम्ही म्हणालात, "ते विमान नाही वहिनी, भूत आहे. आवाज न करता येतंय."

तिथून आपला वाद सुरू झाला. दर वेळी तुमचं नवं कारण. पंख फाटतील. नाक हलकं होऊन शेपूट बसेल. कावळे अंगावर येतील, टिटवीच्या आवाजाला घाबरून लांब राहतात ते. एकदा तर म्हणालात की जुन्या मोटरला वाईट वाटेल. शेवटी तुमच्या वाढदिवसाला मी ती मोटर, तिच्या कंट्रोलरसकट, ठाण्याच्या त्या जोडप्याकडून मागवूनच आणली. तुम्ही पाकीट दोन्ही हातांत घेतलंत, "वा वहिनी" म्हणालात आणि न फोडता खणात ठेवून दिलंत. मला इतका राग आला होता ना! त्या दिवशीच्या श्रीखंडात साखर कमी पडली ती चुकून नाही पडली.

आणि जुनी मोटर तर संपतच आली होती. तसले कार्बनचे तुकडे आता कुठे मिळत नाहीत, तुम्हीच चौकशी करून थकला होतात. शेवटच्या रविवारी टिटवी झुडपांच्या वर जेमतेम गेली आणि लगेच गवतात येऊन बसली. मी धावत जाऊन उचलली, नाकातून जळका वास येत होता. तुम्ही म्हणालात, "आज हवा जड आहे." मी म्हणाले, "हवा जड नाहीये भाऊजी, मोटर मेलीये." मला तो वाद पुढच्या रविवारी पुरा करायचा होता. बुधवारी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. असं भर वादातून उठून जातात का हो?

आता दहाव्याचं ऐका. तुम्ही तिथे होतात की नव्हतात, यावरच तर सगळं घर भांडतंय.

खाडीवरच्या घाटावर गेलो. आमच्याकडे आता बायकाही जातात. पिंड ठेवला, सगळे मागे सरलो, आणि कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोलून टाका." हे पुढे झाले. "सुधीर, तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालीन." कावळा हललासुद्धा नाही. ह्यांनी आजवर एका झाडाला पाणी घातलेलं कुणी पाहिलंय? मग वन्सं पुढे झाल्या. ह्यांच्यापेक्षाही मोठ्या, तुमची आई गेल्यावर तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलेल्या. म्हणाल्या, "सुध्या, तुझं विमान कुणाला देणार नाही रे." एका कावळ्याने मान वाकडी केली. वन्संनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पदर पसरून मोठ्याने म्हणाल्या, "तुझ्या विमानाची मोटर कुणी बदलणार नाही! तुला नको होती ना? नाही बदलणार!"

आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोटरचं वन्संना कुणी सांगितलं होतं? तुम्हीच. दर रविवारी मैदानावरून आलात की फोन लावून बहिणीकडे माझ्या तक्रारी. मला काय ऐकू येत नव्हतं? मी पण हात जोडले तिथे. पण शब्द दिला नाही, भाऊजी. शब्द वन्संनी दिला. आणि त्याच वेळी शेजारच्या पिंडाजवळचं कुत्रं उठून निघून गेलं होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. कावळा भाताला आला. कावळ्याला मोटरमधलं काय कळतं?

तेराव्याची पानं उठली आणि वन्संनी विषय काढला. कल्याणच्या त्यांच्या नव्या घरात हॉलमध्ये काचेचं कपाट केलंय, आत दिवा आहे. तिथे टिटवी ठेवायची, शेजारी तुमचा फोटो.

"जशी आहे तशी ठेवू गं शैला. धूळ बसायची नाही."

"जशी आहे तशी म्हणजे मेलेली," मी म्हणाले. "या मोटरवर ती पुन्हा कधी उडणार नाही, वन्सं."

"नको उडू दे. आता कोण उडवणार आहे?"

"मी उडवणार आहे."

"अगं, कावळा शिवलाय! शब्द गेलाय त्याच्याकडे. तू मोटर बदललीस आणि तो तिथेच घुटमळत राहिला तर?" आणि वन्संचा आवाजच फुटला. "मी त्याला हाताने भरवलंय गं. त्याला अडकलेला नाही बघवायचं मला."

मला राग आला होता, खूप आला होता, पण मी उठून त्यांना पाणी आणून दिलं. ते रडणं खोटं नव्हतं. एवढ्या खंबीर बाईला मी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. जाताना म्हणाल्या, "रविवारी न्यायला येते." टिटवी कपाटावर होती, तिच्या पंखावर तुम्ही चिकटवलेली चिकटपट्टी सुटायला आली होती. मी ती दाबून बसवली. निदान रविवारपर्यंत टिकेल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हे म्हणाले, "शैला, एक सांगायचं राहिलंय." मी म्हटलं, आता काय? म्हणाले, "सुधीरला दिसत नव्हतं. काचबिंदू. कडेकडेचं सगळं गेलं होतं, मधलंही जात होतं. विमान वर गेलं की त्याला ते दिसायचंच नाही. तो आवाजावर उडवायचा. आवाज चढला की जवळ येतंय, पडला की लांब जातंय, चिरकला की नाक खाली गेलंय. म्हणून त्याला ती मोटर हवी होती. तुला सांगू नको म्हणाला होता."

मी चहाचा कप खाली ठेवला. बशीत ठेवायचा होता, टेबलावर ठेवला.

भाऊजी, तुम्हाला काही वाटलं नाही? एवढी वर्षं मी पंख फाटण्यावर आणि नाक हलकं होण्यावर तुमच्याशी भांडतेय, कागदावर आकृत्या काढून दाखवतेय, आणि तुम्ही गंभीर चेहरा करून त्या आकृत्यांकडे बघताय! दिसत तरी होत्या का? आणि मागे स्कूटर विकून रिक्षा धरलीत, ती कंबरेसाठी म्हणालात! ह्यांना सांगितलंत. ज्यांना विमानाचं पुढचं टोक कुठलं ते कळत नाही, त्यांना सांगितलंत. आणि जी रोज शेजारी उभी राहते तिला नाही. का? मी मैदान बंद करीन म्हणून? मी? दारात ब्लाऊजची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तुमच्यामागे पदर खोचून धावणारी मी?

आणि मग दुसरं एक मनात आलं, ते जास्त लागलं. "वहिनी, तुमचा हात स्थिर आहे." वायरी दिसत नव्हत्या म्हणून म्हणालात का ते? ट्रान्समीटर माझ्या हातात दिलात तो मला येतं म्हणून, की तुमचं जमेना म्हणून? एवढी वर्षं मी स्वतःला तुमची जोडीदार समजत होते. मी काय तुमची काठी होते? खरं सांगते, तुमच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने विचारलं. हे आतून म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "तुमच्याशी नाही बोलत."

फोटो काही बोलला नाही. तुम्ही जिवंतपणी तरी कुठे सरळ उत्तर द्यायचात?

ह्यांना वाटलं होतं, हे कळल्यावर मी ऐकेन. जुनी मोटर तुमच्या डोळ्यांच्या जागी होती, मग तिला हात लावायचा नाही. मला अगदी उलटं वाटलं. तुम्हाला आवाज हवा होता कारण तुम्हाला दिसत नव्हतं. मला दिसतं. सुईचं नेढं दिसतं मला अजून, चष्म्याशिवाय. मग मी तुमच्या आंधळेपणाची मोटर का सांभाळू? तुमच्यासाठी सांभाळली असती. तुम्ही सांगितलं असतंत तर त्या गिअरला स्वतःच्या हाताने तेल घालून आयुष्यभर किंचाळत ठेवली असती, मैदानावर शेजारी उभी राहून "डावीकडे, भाऊजी, डावीकडे" म्हणत राहिले असते, आणि ब्रशलेसचा ब सुद्धा काढला नसता. पण तुम्ही सांगितलं नाहीत. आता भोगा.

खण उघडला. पाकीट होतं तसंच होतं, फक्त कडेला बोटांनी चोळून चोळून मऊ झालेलं. म्हणजे तुम्ही ते काढून हाताळत होतात. ते बघून मी थोडी बसले. मग कात्रीने फोडलं.

जुनी मोटर काढली, गिअर काढला. नाकात नव्या मोटरसाठी प्लायवूडचा तुकडा घासून बसवला. तीन वायरी, तीन डाग. तिन्ही सांधे चकचकीत आले, भाऊजी, एकही परत करावा लागला नाही. मोटरची चाचणी घेताना पुढचा पंखा काढून ठेवायचा, हे तुम्ही मला किती वेळा बजावलंत? विसरले. पंखा लावलेलाच. टिटवीच्या मागे उभी राहिले, आता तोंडावर झोत येणार म्हणून डोळे बारीक केले आणि दांडी पुढे केली. झोत गेला पुढे, ह्यांचा पेपर उडाला, आणि टिटवी टेबलावरून उलटी घसरत येऊन माझ्या पोटात बसली. मोटर उलटी फिरत होती! तुम्ही असतात तर हे तुम्हाला महिनाभर पुरलं असतं. येईल त्या पाहुण्याला सांगितलं असतंत, "आमच्या वहिनींनी मागे जाणारं विमान बनवलंय." तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर सुलटी फिरते, हे त्या जोडप्याने सांगितलं होतं. सांधे सोडवले, दोन वायरी बदलल्या, पुन्हा डाग दिले. पंखा आधी काढून.

मग तोल. पंखांखाली दोन्ही हातांचं एकेक बोट लावून टिटवी उचलली, तुम्ही उचलायचात तशी. शेपूट खाली गेली. नाक हलकं झालं होतं. हे मात्र तुमचं खरं निघालं, मान्य करते, तेवढंच. बॅटरी पुढे सरकवून बघितली, पुरेना. मग तुमची जुनी मोटर घेतली, तिच्यातलं पितळेचं बूड काढलं आणि नाकात चिकटवलं. टिटवी बोटांवर सपाट उभी राहिली. तुमच्या मोटरचा एवढाच तुकडा ठेवलाय, तो सुद्धा वजन म्हणून. उगाच खूश होऊ नका.

आणि मी चोरून काही करत नाही. वन्संना स्वतः फोन केला. "वन्सं, मोटर बदलली."

वन्सं म्हणाल्या, "केलंस शेवटी."

"केलं. तुम्ही रविवारी टिटवी न्यायला येणारच आहात ना? घरी येऊ नका. शीळफाट्याच्या मैदानावर या. उडाली नाही तर तिथूनच तुमच्या कपाटात घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि उडाली तर? माझ्या शब्दाचं काय शैला?"

मी म्हटलं, "या तर खऱ्या."

वन्सं रिक्षाने आल्या. उतरल्या नाहीत. रिक्षा मैदानाच्या कडेला उभी करायला लावून आतच बसून राहिल्या, तोंड दुसरीकडे करून. फेकायला हे. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आलेले, पायात ऑफिसचे बूट. त्यांना सांगितलं, नाक वाऱ्याकडे, ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. म्हणाले, "वाऱ्याकडे म्हणजे कुठे?" अहो देवा. मी गवत तोडून उडवून दाखवलं. हे धावले, त्या बुटांत, त्या वयात, आणि बरोबर सोडली.

भाऊजी, ती गेली. जिना चढावा तशी गेली. झुडपांवर, क्रेनच्या वर, पांढऱ्या आभाळात. आणि कानात काही नाही. नुसती बारीकशी भुणभुण, तीही लगेच विरली. मी एकदम चरकले. इतकी वर्षं मी पण तिला कानानेच धरून ठेवत होते, ते मला तेव्हा कळलं. आवाज नाही म्हटल्यावर डोळे फाडून बघत राहावं लागलं, पापणी मिटायची सोय नाही. म्हणजे तुमची भीती खरी होती. या मोटरवर तुम्ही टिटवी वळणाआधीच हरवली असतीत. तरी अंगठे दांड्यांवरून सुटले नाहीत. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. माझ्या कानाशी "पण वहिनी" म्हणणारं कुणी नव्हतं, तरी वळणं बरोबर आली. हात माझाच आहे. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून दिलात की येतं म्हणून दिलात, तुमचं तुम्हाला ठाऊक. मला येतं.

तेवढ्यात पत्र्याच्या कुंपणावरून कावळा उठला.

तुम्ही म्हणायचात ना, आवाज नसेल तर कावळे येतील? आला. आधी लांबून एक घेर घेतला. मग टिटवीच्या शेजारून उडायला लागला, पंखाला पंख लावून, मान वळवून तिच्याकडे बघत. ह्यांनी खालून "हाड, हाड" केलं. काय उपयोग? आणि मग तो वर झाला, पाय खाली सोडले आणि टिटवीच्या पाठीवर टेकले. क्षणभर. टिटवी हेलपाटली, नाक खाली, एक पंख खाली. मी दांडी पुढे सारली. आणि त्या मोटरने, माझ्या मोटरने, एका दमात नाक उचललं. जुनी असती तर टिटवी तिथेच गवतात पडली असती. कावळा सुटला आणि दिवा स्टेशनच्या बाजूला निघून गेला.

मागे रिक्षाचं दार खडखडलं. वन्सं खाली उतरल्या होत्या. मला मागे वळून बघता येत नव्हतं, पण आवाज आला.

"शिवला गं शैला. शिवला."

"बघितलंस का? तो शिवला!" त्या पुन्हा म्हणाल्या, आणि आता त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळेना. "अगं, हात तरी जोड!"

नाही जोडले. विमान वर होतं.

आता तुम्ही म्हणाल, पण वहिनी, एक मिनिट, तो कावळा होता, त्याला घरट्याजवळ काहीतरी पांढरं दिसलं म्हणून आला. बरोबर आहे. मी घाटावर तेच म्हणत होते, आणि आजही तेच म्हणते. पण वन्संना मी हे सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. त्यांनी काचेचं कपाट रिकामं ठेवायचं ठरवलंय. मला म्हणाल्या, पुढच्या वेळी मी फेकीन. त्यांचे गुडघे बघता मला धडकीच भरलीये.

राहिला आपला वाद. तुम्ही गेलात म्हणून मी तो तुमच्या बाजूने संपवणार नाही, आणि माझ्या बाजूनेही नाही. तुमच्या मोटरमुळे तुम्हाला टिटवी दिसायची, हे मी आता मानलं. पण एक तुम्हीही माना. तुमची ती किंचाळणारी मोटर असती तर कावळा शंभर हात लांब राहिला असता, भाऊजी. माझी होती म्हणून तो आला.

कावळा गेल्यावर टिटवी मी वाऱ्यावर घेतली, दांडी हळूहळू मागे आणली आणि गवतावर पोटावर बसवली. पंखा थांबला. मग ट्रान्समीटर खाली ठेवला आणि हात जोडले.